पासबुक तीन भाषांत, संदेश एका भाषेत

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी बँकेत गेले, तर पैसे काढण्याची स्लिप मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत छापलेली आढळते. खाते उघडण्याचा अर्ज, भरणा करण्याची स्लिप, पासबुक हे सर्व छापील साहित्य सामान्य ग्राहकांसाठी या तीन भाषांत असावे, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेले आहे. २०१५ सालच्या ग्राहकसेवेच्या मूळ परिपत्रकात ते स्पष्ट शब्दांत नमूद होते. तेव्हा ही बँकांची मेहेरबानी नव्हे. ज्याचा पैसा आहे त्याला त्याच्या पैशाचा हिशेब त्याच्या भाषेत कळला पाहिजे, हे साधे तत्त्व त्यामागे आहे.

परंतु आज खातेदाराला आपल्या खात्याची हालहवाल पासबुकातून कळत नाही. ती कळते खिशातल्या फोनवर येणाऱ्या लघुसंदेशातून. पैसे आले, गेले, हप्ता कापला गेला, शिल्लक कमी पडली म्हणून दंड बसला, हे सारे त्या दोन ओळींत असते. आणि त्या दोन ओळी बहुतेक वेळा इंग्रजीत असतात. पासबुकाचे काम संदेशाने घेतले, पासबुकावर असलेले बंधन मात्र संदेशाने घेतले नाही. नियमात शब्द आहे ‘छापील’, आणि संदेश छापलेला नसतो. एवढ्याशा फटीतून एक फार मोठा हक्क निसटून गेला आहे. हा भाषिक अस्मितेचा प्रश्न आहे असे समजून पुष्कळ पुरोगामी मंडळी त्याकडे पाठ फिरवतात. वस्तुतः तो सामान्य माणसाच्या पैशाचा आणि त्याच्या कायदेशीर जबाबदारीचा प्रश्न आहे.

मोबाइलवरचा पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठवला गेला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. त्याआधी सात वर्षे, १९८५ साली, जर्मनीतील फ्रीडहेल्म हिलेब्रांट या अभियंत्याने टंकयंत्रावर काही वाक्ये लिहून, चिन्हे मोजून, साध्या निरोपाला १६० चिन्हे पुरतात असा निष्कर्ष काढला होता. वाक्ये अर्थातच युरोपीय लिपीतली होती. त्या मोजणीची किंमत देवनागरी वाचणारा माणूस आजही मोजतो आहे, त्याविषयी पुढे.

भारतात या माध्यमाची उपयुक्तता प्रथम ओळखली ती जाहिरातदारांनी. काही पैशांत एक संदेश जातो, टपाल लागत नाही, वाटायला माणूस लागत नाही, आणि घेणाऱ्याला नको म्हणण्याची सोय नाही, याहून व्यापाऱ्याला दुसरे काय हवे? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ साली ‘नको’ म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही उघडली. २०१० साली नवे नियम आले, २०१८ साली आणखी नवे. पाठवणाऱ्याने आपले नाव, मजकुराचा साचा आणि ग्राहकाची संमती यांची आधी नोंद करावी, असे आता बंधन आहे. २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावापुढे जाहिरातीसाठी पी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी आणि सरकारी संदेशासाठी जी असे अक्षरही असते. नको असलेल्या जाहिरातीची तक्रार १९०९ या क्रमांकावर करता येते. तिची मुदत त्याच वर्षी तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेण्यात आली. हे सर्व ठीकच झाले. पण वीस वर्षांचा हा खटाटोप नको असलेल्या संदेशांसाठी झाला. जे संदेश ग्राहकाला हवे आहेत, किंबहुना ज्यांच्यावाचून त्याचे चालत नाही, त्यांच्याविषयी फारसा विचार कोणी केला नाही. आपल्याला कोणत्या विषयाचे, कोणत्या माध्यमातून, कोणत्या वारी आणि किती वाजता संदेश चालतील, हे निवडण्याचा अधिकार २०१८ च्या नियमांनी ग्राहकाला दिला. कोणत्या भाषेत चालतील, हे विचारायचे राहून गेले.

दरम्यान या संदेशाचे स्वरूप पालटले होते. कार्डाने होणाऱ्या प्रत्येक व्यवहाराची, मग रक्कम कितीही असो, ग्राहकाला तत्काळ सूचना द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०११ साली सांगितले. त्यानंतर ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने एक महत्त्वाचे पाऊल टाकले. खात्यातून ग्राहकाच्या अपरोक्ष पैसे गेले, दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तिसऱ्याच कोणाचा असेल, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवावे. त्याच्यावर काही बोजा पडणार नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत कळवले, तर मूलभूत बचत खात्याच्या धारकाला ५,००० रुपयांपर्यंत आणि नेहमीच्या बचत खात्याच्या धारकाला १०,००० रुपयांपर्यंत नुकसान सोसावे लागेल. सात दिवस उलटले, की त्या बँकेचे संचालक मंडळ ठरवील ते धोरण. आणि ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असतील, म्हणजे त्याने गुप्त आकडा दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे संपूर्ण नुकसान त्याचेच.

हे परिपत्रक ग्राहकाच्या विरोधात होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार त्याने बँकेवर टाकला होता, आणि तक्रार येताच कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करण्यास फर्मावले होते. पण त्याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानात आला नाही. दिवसांची मोजणी संदेश मिळाल्यापासून सुरू होते. म्हणजे तो संदेश आता नुसता निरोप राहिला नाही, ती नोटीस झाली. ती पोचली की घड्याळ सुरू झाले. न्यायालयेही याच दिशेने जात आहेत. २०१८ च्या जूनमध्ये क्रेडिट कार्डाच्या वसुलीच्या एका प्रकरणात व्हॉट्सॲपवरून पाठवलेली नोटीस बजावली गेली, असे मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केले. संदेश पोचला आणि उघडलाही गेला, हे फोनवरच्या खुणांवरून दिसत होते. परंतु उघडणे आणि कळणे यांत अंतर आहे, आणि आपल्या देशात ते अंतर बहुधा भाषेचे असते.

कल्पना करा, निराधार योजनेचे पैसे ज्या खात्यात येतात अशा एखाद्या वृद्धेच्या फोनवर इंग्रजी चार शब्द आणि काही आकडे उमटतात. ‘क्रेडिटेड’ आणि ‘डेबिटेड’ या दोन शब्दांतले अंतर म्हणजे पैसे येणे आणि जाणे यांतले अंतर. तिला दिसतात ते आकडे. पैसे आले असे समजून ती निर्धास्त राहते. बाजाराच्या दिवशी बँकेत जाते, तेव्हा आठवडा उलटलेला असतो. नियमाच्या दृष्टीने तिला सूचना मिळालेली आहे. पुष्कळ घरांत तर फोन एकच असतो आणि तो कमावत्या पुरुषाच्या खिशात असतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात खात्याशी जोडलेला क्रमांक कधी मुलाचा, कधी मुकादमाचा. तेव्हा ‘ग्राहकाला कळवले’ या विधानात ग्राहक कोण आणि कळवले कोणाला, हे दोन्ही प्रश्न शिल्लक राहतात.

‘मुले वाचून दाखवतात’ असे उत्तर शहरी सुशिक्षित सहज देतो. आपल्या खात्यात किती पैसे आहेत हे घरातल्या कोणाला कळू द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या बाईला असू नये काय? इंग्रजी संदेश तिच्याकडून तो अधिकारही काढून घेतो.

मराठीतून संदेश पाठवायला अडचण काय? अडचण तांत्रिक आहे, असे सांगितले जाते, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. एका संदेशात ११२० अंश मावतात. रोमन लिपीच्या एका चिन्हाला सात अंश लागतात, म्हणून १६० चिन्हे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा लागतात, म्हणून ७०. त्यातही यंत्र आपल्यासारखी अक्षरे मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण, सगळे सुटे सुटे मोजते. ‘खात्यातून’ या शब्दात वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात, यंत्राला नऊ. मजकूर सत्तरच्या पुढे गेला की दुसरा संदेश धरला जातो आणि पाठवणाऱ्याला दुप्पट पैसे पडतात. मराठी मजकुराचा साचाही वेगळा नोंदवावा लागतो. मोठ्या बँकेचे रोजचे संदेश लक्षात घेतले, तर ही रक्कम लहान नाही, हे मान्य केले पाहिजे.

तथापि पुढील वाक्य पाहावे: ‘आपल्या खात्यातून रु. ५००० काढले गेले. हे आपण केले नसल्यास कळवा.’ यंत्राच्या हिशेबाने ही ६३ चिन्हे झाली, सत्तरच्या आत. खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे, तारीख आणि कोठे कळवायचे तो क्रमांक घातला की दुसरा संदेश लागेल, हे खरे. म्हणजे एका मराठी माणसाला त्याच्या पैशाची खबर त्याच्या भाषेत देण्याचा जादा खर्च एका संदेशाचा, म्हणजे काही पैशांचा आहे. हिंदीसह काही भारतीय भाषांसाठी सात अंशांत बसणाऱ्या चिन्हांचे तक्ते आंतरराष्ट्रीय तांत्रिक मानकांत केव्हाच घातले गेले आहेत. ते वापरात आणण्याची निकड येथे कोणाला वाटली नाही, कारण तोटा ज्याचा होतो तो त्या बैठकीत नसतो. फोन तयार नाहीत, ही सबबही उरलेली नाही. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलवर आठव्या परिशिष्टातील बावीसही भाषांतला मजकूर वाचता यावा, असा आदेश केंद्र सरकारने २०१६ साली काढला. वाचणारे यंत्र खेड्यापर्यंत पोचले; लिहिणारा मात्र मुंबईत इंग्रजीच लिहीत बसला.

आणि हा खर्च देतो कोण? येथे खरी गंमत आहे. पुष्कळ बँका या संदेशांसाठी ग्राहकाकडून दर तिमाहीला शुल्क कापतात, आणि त्यावर वस्तू व सेवा कर आकारतात. वापर असो वा नसो, सरसकट शुल्क घेऊ नये, प्रत्यक्ष वापराप्रमाणे घ्यावे, असे रिझर्व्ह बँकेला २६ नोव्हेंबर २०१३ रोजी परिपत्रक काढून सांगावे लागले. स्टेट बँकेने २०२० साली बचत खात्यांवरील हे शुल्क बंद केले. म्हणजे ते बंद केल्याने बँक बुडत नाही. उलट बाजूला महावितरणची ‘गो ग्रीन’ योजना पाहावी: जो ग्राहक कागदी बिल नको, ई-मेल आणि संदेश पुरे असे सांगतो, त्याला बिलात सवलत मिळते. कागद, छपाई, वाटप यांचा वाचलेला खर्च काही अंशी ग्राहकाला परत, हा न्याय झाला. बँकेने पासबुक भरून देणारा कारकून कमी केला, टपालाने जाणारी पत्रे बंद केली, आणि त्यांच्या जागी आलेल्या संदेशाचे बिल ग्राहकाच्या खात्यात मांडले. एकाच साधनाने एका ठिकाणी ग्राहकाला पैसे मिळतात, दुसऱ्या ठिकाणी त्याचे जातात. दोष साधनाचा नाही, हिशेब लिहिणाऱ्याचा आहे. शिवाय ज्या भाषेत आपल्याला कळत नाही त्या भाषेतल्या खबरीचे पैसे द्यायचे, ही तऱ्हा पेढीवरच्या सावकारालाही सुचली नव्हती. त्याचा मुनीम निदान मोडीत तरी लिहीत असे.

भाषेचा आणि सुरक्षिततेचा संबंध किती निकटचा आहे, हे २०२२ साली महाराष्ट्रात दिसून आले. मागील महिन्याचे बिल नोंदले गेले नाही, म्हणून आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, अमुक क्रमांकावर अधिकाऱ्याशी ताबडतोब संपर्क साधावा, असे संदेश असंख्य ग्राहकांना आले. संपर्क साधणाऱ्याला फोनवर एखादे ॲप घ्यायला किंवा किरकोळ रक्कम भरायला सांगितले जाई, आणि थोड्याच वेळात त्याचे खाते रिकामे होई. महावितरणला वारंवार खुलासे करावे लागले की असे संदेश कंपनी पाठवत नाही आणि खऱ्या संदेशाच्या माथ्यावर कंपनीचे नाव असते. ते नावही अर्थात रोमन अक्षरांत.

हे बनावट संदेश बहुधा मोडक्यातोडक्या इंग्रजीत असत. इंग्रजी जाणणाऱ्याला पहिल्या वाक्यातच संशय यावा, इतके ते मोडके होते. पण ज्याला खरा संदेशही अर्धवटच समजतो, त्याला खऱ्या-खोट्याची पारख कशी व्हावी? इंग्रजीत आहे, म्हणजे कचेरीतून आले आहे, एवढीच त्याची ओळख. आणि ती ओळख बँकांनी, कंपन्यांनी आणि कचेऱ्यांनीच वर्षानुवर्षे त्याला शिकवली आहे. हाच मजकूर मराठीत असता, तर चुकलेले लिंग, विचित्र क्रियापद, परक्या धाटणीचे वाक्य शेतकऱ्याच्या, शिंप्याच्या, भाजीवालीच्या कानाला तत्क्षणी खटकले असते. आपल्या भाषेतली खोट ओळखायला शाळा लागत नाही. खऱ्या संदेशांची भाषा लोकांची असती, तर भामट्याला त्या भाषेची नक्कल करावी लागली असती, आणि ती इंग्रजीच्या नकलेहून पुष्कळ अवघड गोष्ट आहे.

या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री तोडू’ असे म्हणण्याचा अधिकार खऱ्या अधिकाऱ्यालाही नाही. हे एक वाक्य ज्याला ठाऊक होते तो फसला नाही. कोट्यवधी ग्राहकांना बिलाची तारीख आणि रक्कम कळवणाऱ्या यंत्रणेला हे एक वाक्य त्यांच्या भाषेत कळवणे कठीण होते काय? पण ग्राहकाने काय द्यायचे आहे, हे सांगण्यासाठी संदेश असतो. त्याला काय मिळाले पाहिजे, हे सांगण्याची प्रथा पडलेली नाही.

आणि फसलेल्याच्या पदरी काय पडले? गुप्त आकडा दुसऱ्याला सांगितला, हा हलगर्जीपणा. आकड्याखाली ‘कोणालाही सांगू नका’ असे लिहिलेले असते, हे खरे. पण तेही इंग्रजीत. न समजणाऱ्या भाषेत ताकीद द्यायची आणि ती पाळली नाही म्हणून नुकसान त्याच्या माथी मारायचे, याला जबाबदारीची वाटणी म्हणता येणार नाही.

२०१७ च्या त्याच परिपत्रकात आणखी एक तरतूद होती, तिचा आज बहुतेकांना विसर पडला आहे. व्यवहार आपण केलेला नाही हे ग्राहकाला त्याच संदेशाला उत्तर देऊन कळवता आले पाहिजे. त्यासाठी संकेतस्थळ किंवा पत्ता शोधत बसण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने म्हटले होते. ज्याला फक्त साधा फोन वापरता येतो, त्याच्यासाठी याहून उपयुक्त सोय नाही. प्रत्यक्षात अक्षरी नावाने येणाऱ्या संदेशाला उत्तर देण्याची सोयच नसते. एखादा लांबलचक क्रमांक दिलेला असतो, आणि तो लागला तर यंत्र इंग्रजीतून स्वागत करते. हे बोलणे एकतर्फी आहे. बोलणारा बोलतो, ऐकणाऱ्याच्या नावे मुदत सुरू होते.

या संदेशव्यवस्थेवर देशाचे जीवन किती अवलंबून आहे, याचा प्रत्यय ८ मार्च २०२१ रोजी आला. नोंद नसलेल्या साच्यांचे संदेश रोखण्याची नवी चाळणी त्या दिवशी लागू झाली, कंपन्यांची तयारी नव्हती, आणि बँकांचे व्यवहार, तिकिटे, लसीकरणाची नोंदणी या सर्वांना लागणारे गुप्त आकडेच लोकांपर्यंत पोचेनात. प्राधिकरणाला ती चाळणी सात दिवस थांबवावी लागली. वीज, पाणी, टपाल यांच्याप्रमाणेच हीही आता सार्वजनिक सोय झाली आहे. आणि सार्वजनिक सोयीला सार्वजनिक अटी लावण्यात गैर काही नाही. अटी तीनच आहेत: खात्याच्या आणि बिलाच्या संदेशाची भाषा ग्राहकाला खाते उघडतानाच विचारली जावी आणि ती पाळली जावी; सुरक्षेच्या सूचनेचे शुल्क घेतले जाऊ नये; आणि ‘हे मी केले नाही’ असे त्याच संदेशाच्या उत्तरात कळवता यावे. भाषा पाळली गेली नसेल तेथे मुदतीची मोजणी ग्राहकाच्या विरोधात धरली जाऊ नये, हे पहिल्या अटीतच येते.

यात अशक्य काही नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला दिला आहे. माहिती घेताना त्याची भाषा चालते, तर माहिती देताना का चालू नये?

कार्यकर्त्यांनी यासाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. बँकांनी शाखा पातळीवर ग्राहकसेवा समित्या नेमून त्यांच्या मासिक बैठका घ्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. या बैठकांना ग्राहक क्वचितच जातात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेची तरतूद आहे. वीज नियामक आयोगापुढे दरवाढीच्या जाहीर सुनावण्या होतात, आणि तेथे कोणीही हरकत नोंदवू शकतो. या तिन्ही ठिकाणी जाताना गावातल्या दहा-पंधरा ग्राहकांना आलेले संदेश, नावे व खाते क्रमांक झाकून, कागदावर उतरवून न्यावेत. त्यांच्याखाली प्रत्येकाला त्यातले काय समजले, ते त्याच्याच शब्दांत लिहावे, आणि तो कागद इतिवृत्ताला जोडून घ्यावा.